जुनी स्पोर्ट्स कार चालवून बघताना येणारे आवाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी स्पोर्ट्स कार विकत घ्यायची आहे, गाडी चालवता येते, पण बॉनेटखालचं फारसं कळत नाही, अशांचे प्रश्न आधी घेतले आहेत. ठराविक मॉडेलांच्या खोड्या पुढे येतात.

आवाज ओळखायला मेकॅनिकचा कान लागतो का?

नाही. आवाज नक्की कुठल्या भागातून येतो ते मेकॅनिक सांगेल. तुम्ही फक्त तो कधी येतो, कशाबरोबर वाढतो आणि काय केलं की थांबतो एवढं टिपायचं. "खडखड येते" असं सांगून मेकॅनिकच्या हाती काही लागत नाही. "इंजिन गरम झाल्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये, पाय उचलला की खडखड येते" म्हटलं की त्याचं अर्धं काम झालेलं असतं.

आवाज चार गोष्टींबरोबर बदलतो: इंजिनाचे आरपीएम (मिनिटाला फेरे), गाडीचा वेग, इंजिनावरचा भार आणि तापमान. यातली कुठली गोष्ट खरी हे चालवता चालवता शोधता येतं. समजा ताशी ८० च्या वेगाला गुणगुण ऐकू येते. तोच वेग ठेवून एक गिअर खाली घ्या. आरपीएम वाढले, वेग तोच राहिला. गुणगुण चढली तर ती इंजिनाची किंवा त्याच्या पट्ट्यावर फिरणाऱ्या भागांची. तशीच राहिली तर चाकं, टायर, बेअरिंग, डिफरन्शियल (दोन चाकांना ताकद वाटून देणारे गिअर) यांच्याकडे बघायचं. मोकळ्या, सरळ रस्त्यावर क्षणभर क्लच दाबूनही हेच कळतं. भार तपासायचा तर त्याच वेगाला पाय हलका दाबा, मग पूर्ण उचला, आणि आवाज कुठल्या बाजूला बदलतो ते ऐका.

स्पोर्ट्स कार आवाज करणारच. मग त्यातला कुठला आवाज साधा समजायचा?

बरेच. वजन कमी करायला आवाजरोधक थर काढलेले असतात, बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतली रबरं) कडक असतात, इंजिन कधी पाठीमागे दीड हातावर असतं. घरच्या साध्या गाडीत कानावर न पडणारं सगळं इथे पडतं.

पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडवणाऱ्या इंजिनांचे इंजेक्टर शंभर-दोनशे बारच्या दाबावर काम करतात आणि आयडलला, म्हणजे पाय न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, सतत टिकटिकतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला डिझेल गाडी वाटावी इतकी ती टिकटिक स्पष्ट असते. कित्येक जर्मन गाड्यांत थंड इंजिन सुरू केलं की मिनिट-दीड मिनिट मोठी घरघर येते. एक्झॉस्टमधला कॅटॅलिस्ट (धूर साफ करणारा भाग) लवकर तापावा म्हणून एक पंप एक्झॉस्टमध्ये हवा ढकलत असतो, त्याची ती घरघर. पंप आपोआप बंद होतो. एक्झॉस्टमध्ये झडप असली तर सुरू होताना गाडी गरजते आणि नंतर गप्प होते. पाय उचलल्यावर सायलेन्सरमधून येणारी फटफट बहुतेक नव्या गाड्यांत कंपनीनेच ठेवलेली असते. गाडी हलताच पहिल्या काही मीटरात पायाखाली 'गर्र-टक्' होतं, ती एबीएसची स्वतःची तपासणी. बंद केल्यावर पंखा फिरत राहणं आणि तापलेला एक्झॉस्ट आकसताना टणटणणं यातही काळजीचं काही नाही.

पण यादी पाठ करून काम भागत नाही. घ्यायच्या मॉडेलच्या आणखी दोन गाड्या, घ्यायच्या नसल्या तरी, चालवून बघा. दुसऱ्या गाडीत बसेपर्यंत कानाला त्या मॉडेलची ओळख झालेली असते. माझ्या मते या सगळ्या पानावरचा सर्वांत कामाचा सल्ला हाच आहे, आणि लोक तोच टाळतात, कारण पहिलीच गाडी मनात भरलेली असते.

विक्रेत्याला आधी काय सांगून ठेवायचं?

"मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका." बस्स. रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनातलं ऑइल खाली उतरलेलं असतं. पहिल्या दहा सेकंदांत जे ऐकू येतं ते दिवसभरात पुन्हा ऐकू येत नाही. गेल्या गेल्या बॉनेटवर, आणि इंजिन मागे असेल तर मागच्या झाकणावर, हात ठेवा. किल्ली फिरवल्यावर कूलंटचा काटा बघा. गाडी गरम निघाली आणि कारण पटण्यासारखं नसलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मागा. ती द्यायला विक्रेता तयार नसेल तर मी तरी पुढे जाणार नाही.

सुरू केल्याबरोबर टिकटिक येते आणि थोड्या वेळाने जाते. सोडून द्यायची का?

किती वेळाने जाते आणि कुठून येते यावर आहे.

हायड्रॉलिक टॅपेट म्हणजे इंजिनाच्या झडपा ढकलणारे, ऑइलने भरलेले भाग. त्यांतलं ऑइल गळून गेलेलं असलं की ते पुन्हा भरेपर्यंत टिकटिकतात. माझ्दाच्या पहिल्या पिढीची एमएक्स-५ (१९८९ ते १९९७) यासाठी नावाजलेली. बऱ्याचदा वेळेवर न बदललेलं ऑइल एवढंच कारण असतं आणि इंजिन पुढे वर्षानुवर्षं चालतं. काही सेकंदांत थांबलेली टिकटिक मी नोंदवून ठेवीन, भाव पाडायला वापरीन, पण तेवढ्यावर गाडी सोडणार नाही.

दुसरी शक्यता एक्झॉस्ट गळतीची. मॅनिफोल्डचा (सिलिंडरांतला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांचा) एखादा बोल्ट तुटला किंवा गॅस्केट फाटलं की थंडपणी तिथून 'टक-टक' असा हवेचा फटका येतो. लोखंड तापून फुगलं की फट मिटते आणि आवाज जातो. ऐकणारा टॅपेट समजून निश्चिंत होतो. फरक असा, की गळतीचा आवाज रेस देताना जोरात येतो, आणि फटीभोवती काजळी धरलेली दिसते. खर्च फार नसावा असं वाटतं, पण तुटलेला बोल्ट सिलिंडर हेडमध्ये अडकून बसला तर काम वाढतं.

तिसरी टायमिंग चेनची, म्हणजे झडपांची वेळ सांभाळणाऱ्या साखळीची. सुरू होताना सेकंदभर 'खर्रर्र' झालं, म्हणजे चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरमध्ये ऑइलचा दाब यायला वेळ लागतो आहे. रात्रभर उभ्या गाडीत एकदा, अर्धा सेकंद झालं तर पुन्हा ऐकून ठरवा. दोन-तीन सेकंद चालू राहिलं, किंवा गरम इंजिन बंद करून लगेच सुरू केल्यावरही आलं, तर चेन, गाइड आणि टेन्शनर यांचा खर्च धरूनच बोला. काही इंजिनांत चेन गिअरबॉक्सच्या बाजूला असते. तिथे सुट्या भागांपेक्षा इंजिन खाली उतरवण्याची मजुरी जड पडते.

टिकटिक आणि ठोकठोक यांत फरक कसा करायचा?

कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा वरचा दांडा) क्रँकशाफ्टच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या खालच्या दांड्याच्या) निम्म्या वेगाने फिरतो. आयडलला इंजिन ८०० आरपीएमवर असेल तर क्रँक सेकंदाला साधारण तेरा फेरे घेतो आणि कॅम सहा-सात. म्हणून एका टॅपेटचा आवाज सावकाश, बारीक आणि वरच्या बाजूने येतो. क्रँकजवळ काही सैल झालं असेल तर ठोका दुप्पट घाईने, जड आणि खालून येतो. ठोके मोजत बसायची गरज नाही. बॉनेट उघडून आधी वरून आणि मग चाकाजवळ खाली वाकून ऐका. कुठे मोठा येतो ते कळतं.

धास्ती घ्यावी असा आवाज कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगचा. तो आयडलला कधी कधी लपतो. गरम इंजिन २००० ते ३००० आरपीएमवर स्थिर धरा आणि पाय अलगद सोडा. भार सुटण्याच्या त्या क्षणी 'ठक-ठक-ठक' उमटतो. थंडपणी ऑइल दाट असतं, त्यामुळे हा ठोका दबलेला असतो आणि इंजिन तापेल तसा वाढतो.

पिस्टन सिलिंडरमध्ये किंचित सैल असल्याचा आवाज याच्या उलट वागतो. थंडपणी मोठा, तापल्यावर पिस्टन फुगला की कमी. काही इंजिनं या आवाजासकट लाख-दीड लाख किलोमीटर सहज जातात. पण सिलिंडरला ओरखडे पडल्यावरही सुरुवातीला असंच ऐकू येतं. पोर्शे ९११ च्या ९९६ आणि ९९७ पिढ्यांतल्या काही इंजिनांना हा रोग आहे: एका बाजूने टिकटिक, त्याच बाजूच्या सायलेन्सरच्या तोंडाला जास्त काजळी, आणि ऑइल पिणं. ही तीन लक्षणं एकत्र दिसली की कॅमेरा घालून सिलिंडर बघितल्याशिवाय पैशाचं बोलू नका.

एक आवाज आणखी. कमी आरपीएमवर वरच्या गिअरमध्ये जोर दिला की येणारी बारीक किणकिण. ते नॉकिंग: इंधनमिश्रण वेळेआधी स्वतःहून पेटतं. बहुधा टाकीत हलक्या ऑक्टेनचं पेट्रोल भरलेलं असतं. संगणकात फेरफार करून ताकद वाढवलेल्या गाडीत मात्र हा आवाज आला तर ती तिथेच सोडा, कारण त्या इंजिनाने असे तडाखे आधी किती सोसले आहेत हे तुम्हाला कोणी सांगणार नाही.

काहीच आवाज नाही. म्हणजे इंजिन ठणठणीत?

दुर्दैवाने, नाही. सर्वांत महागडे काही बिघाड मोडेपर्यंत गप्प असतात.

पोर्शेच्या एम९६ आणि एम९७ इंजिनांत (साधारण १९९७ ते २००८ च्या बॉक्स्टर, केमन आणि ९११) इंटरमीजिएट शाफ्टचं (क्रँककडून कॅमकडे फेरे नेणाऱ्या मधल्या दांड्याचं) बेअरिंग हा असाच मुद्दा. ते सुटतं तेव्हा अनेकदा आधी काही ऐकू येत नाही आणि इंजिन संपतं. त्याच काळातल्या ९११ टर्बो आणि जीटी३ मध्ये वेगळं इंजिन आहे, त्यांना हा धोका नाही. बीएमडब्ल्यूच्या एस६५ व्ही८ (२००७ ते २०१३ ची एम३) आणि एस८५ व्ही१० (ई६० एम५, ई६३ एम६) यांची रॉड बेअरिंगही झिजताना फारसं बोलत नाहीत. ठोका ऐकू येईपर्यंत क्रँक गेलेला असू शकतो. अशा गाड्यांत कानापेक्षा कागद महत्त्वाचे: बेअरिंग बदलल्याची पावती, ऑइल बदलाच्या तारखा, ऑइल फिल्टर कापून बघितल्यावर धातूचे कण सापडले की नाही.

चुकून खालचा गिअर पडून इंजिन मर्यादेबाहेर फिरल्याचंही आवाजावरून कळत नाही. पोर्शेच्या इंजिन संगणकात त्याची नोंद राहते. तो अहवाल मागा.

क्लच दाबला की आवाज येतो, किंवा उलट, दाबला की जातो. यावरून काय कळतं?

बरंच, आणि तपासायला दोन मिनिटं लागतात. गाडी उभी, न्यूट्रल, इंजिन गरम, हँडब्रेक ओढलेला. क्लच सोडलेला असताना घरघर आणि दाबला की शांत, असं असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग किंवा मोकळ्या गिअरांची खुळखुळ. दाबल्यावर चीं-चीं किंवा घरघर सुरू झाली तर क्लचचं रिलीझ बेअरिंग. ते बेअरिंग स्वतः स्वस्त असतं, पण त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. त्यामुळे क्लच प्लेटही निम्मी गेली असेल तर सगळं एकदम बदलण्याचा हिशोब करा.

आता फ्लायव्हीलचं, म्हणजे इंजिन आणि क्लच यांच्यामधल्या जड चाकाचं. कंपनीचं दुहेरी वस्तुमानाचं फ्लायव्हील झिजलं की आयडलला खडखडतं आणि इंजिन बंद करताना शेवटी 'धडधड-खट्' करतं. कोणी ते काढून हलकं एकसंध फ्लायव्हील बसवलं असेल तर न्यूट्रलमध्ये कायमची खुळखुळ राहते, आणि तो बिघाड नव्हे. दोन्हींचा आवाज इतका जवळचा असतो की नुसत्या कानावर विसंबून फसायला होतं. विक्रेत्याला सरळ विचारा, आणि "बदललंय" म्हणाला तर पावती बघा.

गिअर टाकताना करकर होते.

थंडपणी दुसऱ्या गिअरला किंचित अडखळणं अनेक जुन्या गिअरबॉक्सना असतं. तापल्यावरही करकरलं, विशेषतः वरच्या आरपीएमवर झटकन खाली घेताना, तर सिंक्रो (गिअरांचा वेग जुळवणारी कडी) गेला. प्रत्येक गिअर वर जाताना आणि खाली येताना, हळू आणि घाईने, असा वेगवेगळा तपासा. कुठल्याही एकाच गिअरमध्ये घूं-घूं येत असेल तर त्या गिअरचे दात. सगळ्यांत येत असेल तर बेअरिंग. रिव्हर्सची घूं-घूं मोजू नका, त्याचे दात बहुधा सरळ कापलेले असतात.

टर्बोची शिट्टी किती चालते?

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा. तो मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, काही दोन लाखांपर्यंत. त्यामुळे बारीक सूं-सूं येणारच, आणि पाय उचलल्यावरची 'फुस्स' दाब सोडणाऱ्या झडपेची. आरपीएमबरोबर चढत जाणारा भोंग्यासारखा सूर मात्र बेअरिंग सैल झाल्याचं लक्षण, आणि धातू घासल्याचा आवाज आला तर पंखा घराला लागतो आहे. जोर देताना सतत हिस्स येत असेल आणि गाडी ओढत नसेल, तर कुठला तरी होज फाटला आहे किंवा क्लिप सुटली आहे. हे काम स्वस्तातलं.

आयडलला किंवा पाय उचलताना पत्रा थरथरल्यासारखा आवाज वेस्टगेटचा (टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेचा) असू शकतो. बीएमडब्ल्यूच्या एन५४ इंजिनाला (३३५आय, १३५आय) तो इतका नेहमीचा आहे की मालकांना सवय झालेली असते. तुम्ही ती सवय विकत घेऊ नका. टर्बो दोन आहेत, हिशोब दोनाचा करा.

सुपरचार्जर हवा तशीच ढकलतो, पण इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून. त्याची किंचाळी ज्याला आवडते त्यानेच ती गाडी घ्यावी. आयडलला पुढच्या बाजूने येणारी खडखड मात्र बहुतेकदा त्याच्या आतल्या कपलिंगची असते आणि ती बदलता येते.

वेग वाढला की घूं-घूं वाढते. टायर की बेअरिंग?

आधी रस्ता बदला. गुळगुळीत डांबरावर आवाज एकदम पडला तर टायर. मग टायरवरून हात फिरवा. काठ करवतीसारखे लागले तर सस्पेन्शनचं अलाइनमेंट बिघडलेलं आहे, आणि ते का बिघडलं हा पुढचा प्रश्न. कधी कधी त्याचं उत्तर जुना अपघात असतं.

बेअरिंग असेल तर रस्ता बदलून फरक पडत नाही, वळण घेतल्यावर पडतो. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगाला स्टिअरिंग हळुवार डावी-उजवीकडे फिरवा. उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकांवर जातं. तेव्हा आवाज वाढला तर संशय डाव्या बाजूच्या बेअरिंगवर. उलट तर उलट. रुंद आणि कडक टायरांच्या गाडीत आवाजाची बाजू कानाने ठरवू नका, केबिनमध्ये तो भरकटतो.

डिफरन्शियलची घूं-घूं भारावर बदलते: जोर देताना एक सूर, सोडल्यावर दुसरा, आणि ठराविक वेगाच्या पट्ट्यातच.

वळताना मागून खडखड किंवा झटके येतात.

प्लेट असलेलं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एकच चाक नुसतं गरगरू न देणारं) थंडपणी, पूर्ण स्टिअरिंग फिरवून सावकाश वळताना, खडखडतं. अनेकदा योग्य ऑइल घातलं की कमी होतं. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत पूर्ण वळवून हलका जोर दिल्यावर 'कट-कट-कट' आलं तर ॲक्सलचा सीव्ही जॉइंट (चाक वळलेलं असतानाही ताकद पोचवणारा सांधा). त्याचं रबरी बूट फाटलेलं आहे का ते वाकून बघा.

गाडी सुरू करून निघताना किंवा पाय उचलताना मागे एकच 'धप्' येत असेल तर बुश, माउंटिंग किंवा शाफ्टचा जॉइंट. ई४६ पिढीच्या बीएमडब्ल्यूमध्ये, खास करून एम३ मध्ये, हा आवाज हलक्यात घेऊ नये. मागचा सबफ्रेम (सस्पेन्शन धरणारी चौकट) ज्या पत्र्याला धरलेला असतो तिथे तडे जातात. गाडी लिफ्टवर घेतल्याशिवाय ते दिसत नाहीत.

खड्ड्यांवर खटखट येते.

याची भीती सर्वांत जास्त वाटते आणि खर्च बहुधा सर्वांत कमी असतो. लहान खड्ड्यांवर हलकी खट-खट म्हणजे अँटी-रोल बारची (वळताना गाडी फार कलू न देणाऱ्या दांडीची) लिंक. मोठ्या खड्ड्यावर जड ठोका आला तर शॉकॲब्सॉर्बर किंवा त्याचं वरचं माउंटिंग. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना 'टुंग्ग' वाजलं तर वरच्या माउंटिंगचं बेअरिंग अडकतंय. ट्रॅकसाठी रबरी बुश काढून धातूचे गोल जॉइंट बसवले असतील तर खडखड नवेपणापासूनच असते. अशी गाडी रोज चालवणार का, एवढा विचार करा.

ब्रेक किंचाळतात.

ट्रॅकवरचे पॅड आणि कार्बन-सिरॅमिक डिस्क थंडपणी किंचाळतात. छिद्रं पाडलेल्या डिस्क जोरात दाबल्यावर घुमतात. घासल्याची खरखर, किंवा पेडलला येणारे ठोके, हे वेगळं. कार्बन-सिरॅमिक डिस्कच्या किमतीत एखादी लहान गाडी येऊ शकते, म्हणून त्यांच्या कडा आणि पृष्ठभाग तपासून घ्या.

सायलेन्सर इतका मोठा लावलाय की दुसरं काही ऐकूच येत नाही. काय करू?

झडप असेल तर बंद ठेवायला सांगा. नसेल तर वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर, काचा बंद करून चालवा. मग काचा उघडून लांब भिंतीच्या किंवा दुभाजकाच्या कडेने सावकाश जा. खालून येणारे आवाज भिंतीवर आपटून कानाशी येतात. मित्राला बाहेर उभा करून त्याच्यासमोरून गाडी न्या. रेडिओ आणि एसीचा पंखा बंद, हे सांगायला नको, पण विक्रेता शेजारी बसला की हमखास सुरू राहतात. त्याच्या गप्पाही.

आत ऐकू येणारा सगळा आवाज इंजिनाचाच असतो असंही नाही. एफ१० पिढीची बीएमडब्ल्यू एम५ आणि २०१५ ची इकोबूस्ट मस्टँग स्पीकरमधून इंजिनाचा आवाज वाजवतात. टोयोटा ८६ मध्ये हवेचा आवाज एका नळीने केबिनमध्ये आणलेला आहे.

माझ्या मनातल्या मॉडेलचा एखादा खास आवाज आहे का?

थोडे सांगतो.

होंडा एस२००० मध्ये सायकलच्या आऱ्यांत पत्त्याचं पान अडकवल्यासारखा फर्र आवाज आला तर टायमिंग चेनचा टेन्शनर, बदलायला सोपा. सहा हजार आरपीएमच्या आसपास आवाज अचानक बदलतो तो व्हीटेक, म्हणजे वरच्या आरपीएमला झडपा जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा. तो बदल जाणवलाच नाही तर मात्र विचारा.

टोयोटा ८६ आणि सुबारू बीआरझेड, २०१२ पासूनच्या सुरुवातीच्या गाड्या: आयडलला रातकिड्यांसारखी किरकिर. उच्च दाबाचा इंधन पंप. त्रास कानाला, इंजिनाला नाही.

निसान जीटी-आर आर३५: गिअरबॉक्स मागे आहे, सावकाश जाताना गिअर बदलले की खट्खट् ऐकू येतं आणि ते चालतं. पुढून, इंजिनामागच्या बेल हाउसिंगमधून (फ्लायव्हीलभोवतीच्या घरातून) आयडलला खडखड येत असेल तर तिथलं बेअरिंग झिजलेलं आहे. तो भाव कमी करण्याचा मुद्दा.

माझ्दा आरएक्स-८: हिच्या रोटरी इंजिनात झडपाच नाहीत, त्यामुळे टॅपेटची टिकटिक असूच शकत नाही. तांबड्या रेषेच्या जरा आधी बीप वाजते ती गिअर बदलण्याची सूचना. इथे ऐकायचं ते सुरू होणं: गाडी पूर्ण तापवा, बंद करा, थोडं थांबून पुन्हा सुरू करा. स्टार्टर बराच वेळ फिरत राहिला तर कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, गेलेलं आहे, आणि मग बाकी गाडी कितीही देखणी असो.

उघड्या टपाची गाडी कुरकुरते, वारा शिरतो. चेसिस गेली का?

बहुधा नाही. टप उघडला की सांगाडा थोडा पीळ खातो आणि प्लास्टिक कुरकुरतं. रबर वाळलेली असतात. वाऱ्याचा आवाज एकाच बाजूने येत असेल तर मात्र त्या दाराच्या फटी, बिजागरांचे बोल्ट आणि रंगाची छटा नीट बघा. चौकट नसलेल्या काचा दार उघडताना काही मिलिमीटर खाली येतात. एक येते आणि दुसरी येत नाही, असंही सापडतं.

विक्रेता म्हणतो, "या मॉडेलला असाच आवाज येतो."

खरंही असू शकतं. म्हणूनच दुसरी गाडी आधी चालवायची. नसेल चालवली तर एवढंच म्हणा: "ठीक आहे, मग माझ्या मेकॅनिकला ऐकवू." यावर तो काय म्हणतो ते आवाजाइतकंच उपयोगाचं. "किरकोळ काम आहे, दोन तासांत होतं" हे वाक्य आलं, तर त्यानेच ते करून द्यावं आणि मग भाव बोलावा. किरकोळ काम करून गाडी जास्त पैशाला विकता येत असताना कोणी न करता का विकेल?

फोनवर रेकॉर्ड केलं तर चालेल?

करा, पण फोन बारीक आवाज मोठे करतो आणि जड ठोके गिळतो. रेकॉर्डिंग करताना तोंडाने बोलत राहा: किती आरपीएम, कुठला गिअर, इंजिन किती गरम. मेकॅनिकला आवाजापेक्षा ते बोलणं जास्त उपयोगी पडतं.

इंजिनाला पूर्ण रेस कधी द्यायची?

कूलंटचा काटा मध्यावर आला म्हणजे ऑइल तापलं असं नाही, ते बरंच मागून तापतं. ऑइल तापमानाचा काटा असेल तर ८० अंशांपर्यंत थांबा. नसेल तर कूलंट तापल्यावर आणखी दहा-पंधरा मिनिटं शांतपणे चालवा. थंड इंजिनाला विक्रेता स्वतःच रेस देऊन दाखवत असेल, तर रोज कशी वागवतो तेही कळलं.

कुठल्या आवाजाला गाडी तिथेच थांबवायची?

ऑइलच्या दाबाचा दिवा आणि जड ठोका एकत्र आले तर इंजिन लगेच बंद. धातूवर धातू घासल्याचा आवाज चाकातून किंवा ब्रेकमधून आला तर बाजूला घ्या. गाडी तुमची नाही, त्यामुळे "घरापर्यंत नेऊ" हा मोह धरू नका, टो करणं विक्रेत्याचं काम.

तपासणीत मेकॅनिककडून काय करून घेऊ?

लिफ्टवर घेऊन चाकं हाताने हलवून बघणं, संगणकातल्या नोंदी, ऑइल फिल्टर कापणं. आणि लीक-डाउन चाचणी. तिच्यात प्रत्येक सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून ती कुठून निसटते ते ऐकतात. हिस्स इनटेककडून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर पिस्टन रिंगा, आणि कूलंटमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. थोडी हवा रिंगांमधून चांगल्या इंजिनातही जाते. सगळ्या सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का, ते बघायचं. चाचणी चालू असताना तुम्हीही तिथे उभे राहा आणि ऑइलच्या तोंडाशी कान लावून ऐका.